गंधालीचे व्हायरस आणि प्रेमाताईचा डबा

मुलुंड (पूर्व)
बुधवार, दुपारची चहाआधीची वेळ

श्रीमान अण्णासाहेब, बोरिवलीचे बॅटरीसम्राट आणि माझे एकुलते एक साडू, यांच्या चरणी मुलुंडच्या श्यामसुंदरचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? हे मी पत्राची रीत म्हणून विचारत नाही, खरंच विचारतोय. झोप लागते ना? पोट साफ होतं? रविवारनंतर मळमळ, घशात खवखव, जिभेवर लोखंडाची चव, अंगाला बारीक झिणझिण्या, असं काही? ताप मोजलात का? नसेल तर मोजा, आणि आकडा मला कळवा. काळजीचं कारण अजिबात नाही. साडूने साडूची चौकशी करायची नाही तर कुणी करायची? (आता 'तुम्ही' लिहून हात दुखला. तू माझ्याहून मोठा, म्हणजे तुझी बायको माझ्या बायकोहून मोठी, म्हणून सुरुवात मानाने केली. तो मान दिला असं समज आणि पुढे वाच.)

तर अण्णा, पत्र का लिहितोय ते सांगतो. तू मला ब्लॉक केलंस. या वयात माणसाच्या नसा ब्लॉक होतात, तू माणसं करतोस. दुकानाच्या नंबरवर फोन केला तर तुझा तो लवू उचलतो आणि म्हणतो, "शेट भायर गेलेत," आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. तो खोकला ऐकून एकीकडे मला राग आला आणि दुसरीकडे हायसं वाटलं. (तो जुनाच खोकला ना? की नवा आहे? तेही कळव.) प्रेमाताईंना फोन करावा तर त्या आणि आमची जयंती, बहिणी-बहिणी, सकाळचा चहा फोनवर एकत्र पितात, एकीला सांगितलेलं दुसरीला बशी उचलायच्या आत कळतं. म्हणून हा कागद. आमचा वॉचमन खंडू आज सुट्टीवर बहिणीकडे बोरिवलीला जातोय, तो आणून देईल. त्याला चहा पाज, आणि दुकानात बसवून स्वतःच्या बॅटरीचं कौतुक ऐकवू नकोस, गरीब माणूस आहे.

रविवारी जे झालं ते व्हायला नको होतं. चूक माझी झाली. (तुझी जास्त झाली, पण हे क्षमापत्र आहे म्हणून तो भाग कंसात.) तू पाहुणा म्हणून आलास, प्रेमाताईंचा गुडघा दुखत असूनही त्यांनी डबा भरून अळूवड्या पाठवल्या, जयंतीने तुझ्यासाठी वालाचं बिरडं केलं, आणि आपण दोघं ताटावर बसून बॅटरीवरून भांडलो. सुरुवात मी केली हे मान्य. आमच्या गंधालीच्या कंपनीत, म्हणजे मरोळच्या त्या औद्योगिक वसाहतीतल्या दोन खोल्या आणि एका फ्रीजरला कंपनी म्हणायचं तर कंपनीत, केबलच्या कामासाठी शनिवारी वीज गेली. तिथला इन्व्हर्टर कोणाच्या दुकानातून आला होता ते मी लिहीत नाही. इतकंच लिहितो की दुकान बोरिवलीत आहे, मालकाला खोकला आहे, आणि बॅटरीने वरणभाताच्या कुकरला लागतो तेवढाच वेळ दम धरला. फ्रीजर बसला. आतल्या बाटल्यांतला बर्फ वितळून त्यात भलतंच काहीतरी उगवलं. वाट लागली. दोन नळ्या तेवढ्या वाचल्या, त्या पोरीने बर्फात घालून घरी आणल्या आणि आमच्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

यावर तू म्हणालास, की ती बॅटरी चार पंखे आणि दोन ट्यूबलाइटसाठी दिली होती, कपाटाएवढ्या फ्रीजरसाठी नाही. हे बरोबर असेल. पण तिथे थांबायचं ना! पुढे म्हणालास, "आणि व्हायरसने बॅटऱ्या बनतात तर मी उद्यापासून दुकानात डास पाळतो." म्हणालास, बॅटरी म्हणजे शिसं आणि ॲसिड, बाकी सगळं थोतांड. म्हणालास, चांगली पवईला शिकलेली पोरगी, एवढ्या मोठ्या पगाराची नोकरी सोडून जंतूंना खायला घालते आणि बाप टाळ्या वाजवतो. अण्णा, ती आत उभी होती रे. बिरड्याची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं आणि वाटी ओट्यावर ठेवून खोलीत गेली. मला जे लागलं ते तिथे लागलं. म्हणून मी तुझ्या दुकानाला 'डबड्यांचं गोदाम' म्हणालो. म्हणायला नको होतं.

आता तुला एक खरं सांगतो. मी एवढा तावातावाने भांडलो, पण पोरगी नेमकं काय करते ते मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. जन्म विम्याच्या कचेरीत लोकांचे क्लेम नाकारण्यात गेला, त्यामुळे न वाचलेल्या कागदावर ठामपणे बोलायची सवय आहे. तू गेल्यावर मी तिच्या खोलीत गेलो आणि म्हटलं, बये, मी तुझ्या बाजूने साडू तोडला, आता निदान तुझी बाजू काय आहे ते तरी सांग. तिने मला विचारलं, "आजी हलवा कसा करायची आठवतं?" मी म्हटलं, न आठवायला काय झालं. मंद आचेवर परात, परातीत तीळ, थेंब थेंब पाक, आणि तासन्‌तास बोटांनी हलवत बसायचं, की तिळावर काटा फुलतो. ती म्हणाली, बस, तेच. तीळ म्हणजे माझा व्हायरस. तो असतो पडवळासारखा लांबडा, माणसाला काही करत नाही, फक्त एका जातीच्या जंतूंना लागतो. आम्ही त्याच्या अंगाची घडण अशी बदलतो की पाण्यातले धातूचे कण त्याच्यावर येऊन बसतात, तिळावर साखर बसते तसे. त्याची तार होते, केसाहून कितीतरी बारीक. अशा असंख्य तारा एकत्र आल्या की बॅटरीत वीज साठवायला भरपूर जागा होते. भट्टी नाही, धूर नाही, पाण्यात नुसतं ठेवायचं. (मी विचारलं, परात कोण हलवतं? ती म्हणाली, बाबा, तेच तर, व्हायरस स्वतःच करतो. सासूबाईंनी हे ऐकलं असतं तर त्यांनी जन्मभराच्या बोटांच्या फोडांचा हिशेब मागितला असता.)

मला तर एकदम आपली पहिली संक्रांत आठवली, अण्णा. सासूबाईंनी दोन्ही जावयांना हलव्याचे हार घालून पाटावर बसवलं होतं, हातात हलव्याचा नारळ, आणि तू फोटो काढेपर्यंत स्वतःच्या हाराची खालची सर खाऊन टाकली होतीस. तो फोटो अजून आमच्याकडे आहे. त्यात मी पूर्ण आहे आणि तू कंठापर्यंतच आहेस. तर सांगायचं काय, जो माणूस हलव्याचा हार खातो त्याने हलव्याच्या बॅटरीला नावं ठेवू नयेत.

असो. खरी कथा पुढेच आहे. सोमवारी सकाळी गंधालीने फ्रीज उघडला आणि नळ्या गायब. तिने त्या आम्रखंडाच्या रिकाम्या डब्यात बर्फाची पिशवी घालून ठेवल्या होत्या, कारण आमच्या फ्रीजमध्ये आम्रखंडाच्या डब्यात आम्रखंड कधीच नसतं. एकात कोथिंबीर असते, एकात आलं-मिरचीचं वाटण, एकात काय असतं ते जयंतीलाही माहीत नाही. पोरगी उघड्या फ्रीजसमोर जमिनीवर बसली. ओरडली नाही, रडली नाही, नुसती बसली. अण्णा, तिने ओरडायला हवं होतं. शुक्रवारी बंगळुरूहून पैसे लावणारी माणसं मरोळला येणार आहेत. त्यांच्यासमोर तिला या व्हायरसची बॅटरी लावून दिवा पेटवून दाखवायचाय. दिवा पेटला तर काम पुढे चालणार, नाहीतर दोन खोल्यांना टाळं, आणि ही पुन्हा त्या जुन्या नोकरीत, जिथून ती रोज तोंड पाडून घरी यायची. त्या नळ्यांमध्ये तिची दोन वर्षं होती. दुसरीकडे कुठेही त्या जातीचा थेंब नाही.

मग शोध सुरू झाला. पहिला संशय अर्थातच घरकामाच्या शकूवर. मी तिला फक्त एवढंच विचारलं, की फ्रीजमधलं काही पांढुरकं पाणी तू ओतलंस का. ती म्हणाली, तुमच्या फ्रीजला हात लावायला मला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल, आणि काम सोडून गेली. (जयंतीने जाऊन तिला परत आणलं, पगार वाढवून. भांडी मात्र दोन दिवस मी घासली.) मग मी चौथ्या मजल्यावरच्या निलेशला भेटलो. हा निलेश म्हणजे सोसायटीच्या ग्रुपचा ॲडमिन, काहीही हरवलं की तो लिहितो. मी म्हटलं, नुसतं लिही की आम्रखंडाचा डबा हरवला आहे, सापडल्यास उघडू नये. तो म्हणाला, उघडू नये असं लिहिलं की लोक विचारणार का. मी साधेपणाने सांगितलं, आत व्हायरस आहे. संपलं सगळं. खाली येईपर्यंत ग्रुपवर आलं होतं, "बी विंगमध्ये व्हायरस निसटला आहे. वेश आम्रखंडाचा."

पुढचं काय वर्णन करू! ज्यांनी मास्क कपाटाच्या तळाशी टाकले होते त्यांनी ते बाहेर काढले. एकाच्या मास्कमध्ये झुरळ निघालं, त्याचा दोषही आमच्या व्हायरसला. लिफ्टची बटणं पुसायला खंडूला सॅनिटायझर दिलं, त्याने ती फडक्याऐवजी ओल्या पोच्याने पुसली आणि लिफ्टच बंद पडली. (लिफ्ट बंद पडल्याचं कळल्यावर लोक व्हायरस विसरून चेअरमनच्या मागे लागले, हा एकच आराम.) चेअरमन स्वतः आमच्या दारात, पण दारापासून चार हात लांब उभे राहून म्हणाले, तुम्ही चौदा दिवस घरात बसा. मी म्हटलं, रिटायर झाल्यापासून दुसरं काय करतोय. भजनी मंडळाने आमच्या घरची पाळी रद्द केली. पहिल्या मजल्यावरच्या एका महाभागाने मात्र हळूच येऊन विचारलं, की तो व्हायरस सापडला तर त्याची इलेक्ट्रिक स्कूटर त्यावर चार्ज होईल का, आणि झाली तर सोसायटीच्या वीजबिलात धरणार का.

जयंतीचं वागणं मला अजून कळलेलं नाही. सोमवारी ती माझ्याबरोबर शोधत होती, डोळ्यांत पाणी आणून. काल मंगळवारी मात्र मला म्हणाली, "अहो, सोसायटीच्या कचऱ्याच्या ड्रममध्ये बघून या ना, एखादवेळी तिथे असेल." मी गेलो. ओला कचरा कोपरापर्यंत, अण्णा. परत आलो तर म्हणाली, सुका राहिला. पुन्हा गेलो. वरून खिडकीतून ती बघत होती, आणि मला वाटलं ती पदर डोळ्यांना लावते आहे. गंधालीचं तर त्याहून भयंकर. काल संध्याकाळी कामावरून आली ती एकदम शांत. मला म्हणाली, जाऊ दे ना बाबा, व्हायचं ते होईल, आणि शिट्टी वाजवत आंघोळीला गेली. शिट्टी! मला तर धक्का तिच्या डोक्यात गेला असं वाटतंय. रात्री तिने दोनदा भात घेतला. आपलं माणूस असं हसत हसत खचलेलं बघवत नाही रे.

असा सगळा प्रकार आहे. बाकी इकडे क्षेम. प्रेमाताईंना नमस्कार, गुडघ्याला शेक चालू ठेवा. तुझ्या दुकानाची भरभराट होवो, शिसं आणि ॲसिड चिरायू होवोत. कळावे, लोभ असावा, आणि मनातली अढी, निदान पत्र संपेपर्यंत तरी, नसावी.

तुझाच,
श्यामसुंदर

ता. क. १ : तुझ्या घरच्या फ्रीजमध्ये आम्रखंडाचा एक डबा आहे का, बघ. म्हणजे असेल. म्हणजे तो मीच दिला. रविवारी तू चपला घालून लिफ्टपाशी गेलास, प्रेमाताईंचा स्टीलचा डबा तुझ्या पिशवीत तसाच रिकामा, आणि जयंती स्वयंपाकघरातून डोळे वटारून मला खुणा करते आहे, की डबा रिकामा जातोय! भांडण असलं म्हणून काय झालं, आपल्यात डबा रिकामा परत गेलाय का कधी? मी घाईघाईत फ्रीज उघडला, चष्मा टेबलावर, जो डबा समोर दिसला तो तुझ्या पिशवीत कोंबला आणि वर म्हटलं, "घे, गोड खा आणि गोड बोलायला शीक." त्या वेळी मला हे वाक्य फार झकास वाटलं होतं. सोमवारी जयंतीने विचारलं, काय दिलंत हो? तेव्हा माझ्या तोंडून 'चार केळी' निघालं, आणि आता चार केळ्यांपासून मागे कसं यायचं ते कळत नाही. तर अण्णा, हात जोडतो. आतल्या नळ्या पिऊ नकोस. (तू प्रेमाताईंचं दागिने धुवायचं रिठ्याचं पाणी चहा म्हणून प्यायला होतास, म्हणून लिहावं लागतं.) प्यायला असशील तर घाबरू नकोस, आणि नळी फेकू नकोस. गंधाली म्हणते व्हायरस एका थेंबातून पुन्हा वाढतो. म्हणून प्रेमाताईंना काहीतरी सांगून तो डबा धुऊ देऊ नकोस, आणि त्यात वड्या, लाडू, लोणचं काही भरू देऊ नकोस. जन्मात एकदाच, अण्णा, डबा रिकामा आणि न धुतलेला पाठव. खंडूच्या हाती. आजच.

ता. क. २ : जयंतीला कळता कामा नये. तू हे केलंस तर मी लिहून देतो की बॅटरी पंख्यांसाठीच होती, चूक फ्रीजर जोडणाऱ्याची. सोसायटीच्या लेटरहेडवर हवं असेल तर तसं.

ता. क. ३ : लिफाफा चिकटवत होतो तेवढ्यात जयंती मागून आली. तिने वरचं सगळं वाचलं. रागावली नाही, पलंगावर बसून पोट धरून हसली. मग मला कळलं ते हे, आणि ते तुला माहीतच आहे, मेल्या! डब्याच्या झाकणावर गंधालीने चिठ्ठी चिकटवली होती, "हे आम्रखंड नाही. बाबा, हात लावू नका." प्रेमाताईंनी ती सोमवारी वाचली, त्यांना सगळं उमगलं, त्यांनी जयंतीला फोन केला. आणि मंगळवारी सकाळी तू, डास पाळणारा तू, दुकान लवूवर टाकून, नळ्या बर्फाच्या थर्मासमध्ये घालून, तो थर्मास मांडीवर धरून मेट्रोने मरोळला गेलास! वर सगळ्यांना सांगितलंस, की श्यामला दोन दिवस कचऱ्यात हात घालू दे. म्हणजे ती शिट्टी खरी होती, आणि तो पदर डोळ्यांना नाही, तोंडाला होता.

जयंतीने फोटो दाखवला. पांढरा कोट घालून तू गंधालीच्या शेजारी उभा आहेस आणि तिच्या हातातल्या बटणाएवढ्या बॅटरीकडे वाकून बघतो आहेस. ती म्हणते, तू तिला सॉरी म्हणालास, आणि म्हणालास, पहिली बॅटरी माझ्या दुकानात ठेवायची, देवाच्या फोटोखाली, काचेत. अण्णा, मी जळलो. खरंच जळलो. दोन वर्षं झाली, मुलुंडहून मरोळ काही काशीला नाही, आणि मी बाप असून एकदाही तिथे गेलो नाही. तू पहिला गेलास.

ता. क. ४ : पत्र आता निरुपयोगी आहे, पण इतकं लिहिलेलं फाडवत नाही, आणि तू अजून मला ब्लॉकच केलेलं आहेस, तर कळवणार कसं. मला अनब्लॉक कर. शुक्रवारी सकाळी इकडे ये, आपण दोघं मिळून मरोळला जाऊ. मला त्यातलं काही कळणार नाही, तू शेजारी उभा राहून मान हलव म्हणजे मीही हलवेन. आणि दिवा पेटला तर मी रडणार, हे मला आत्ताच दिसतंय. अनोळखी लोकांत रडायची मला सवय नाही, टिंगल करायला आपलं कुणीतरी हवं.

ता. क. ५ : आणि येताना तो आम्रखंडाचा डबा आण. नळ्या पोचल्या, डबा कुठाय? जयंतीचा त्या डब्यावर जीव आहे. प्रेमाताईंना सांग, आता तो स्वच्छ धुवा. आणि खबरदार, रिकामा आणलास तर.